राजाला आलेले डोळे

एक डोळा मिटून, हात लांब करून पेन्सिल समोर धरायची आणि दटावायचं, "महाराज, हलू नका!" काकांना असं करताना तुम्ही पाहिलं असतं, तर तुम्हीही आधी हसलाच असता.

महाराज म्हणजे डेट्रॉइटमधल्या एका म्युझियमच्या भिंतीवरचा युरोपातला कुठलासा राजा. मोठ्या चित्राआधी चित्रकाराने सरावासाठी काढलेला. चेहरा पूर्ण, अंगरख्याच्या जागी लाल रंगाचे फटकारे, हात नाहीतच.

काका डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या शेजारी, मुलाकडे राहायचे. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले. दोन हजार तीनच्या हिवाळ्यात बर्फावरून त्यांची गाडी घसरली. काकू शेजारी बसल्या होत्या. काका तेवढे वाचले. पुन्हा त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही, म्हणून रविवारी म्युझियमला मी न्यायचो.

रंगवायचे ते घरी, बेसमेंटमध्ये. तिथे भिंतीला टेकून राजेच राजे उभे, आणि एकालाही डोळे नाहीत. मला तिथे एकट्याला थांबवत नसे.

"काका, डोळे?"

"धीर होत नाही रे. काहीतरी सांगायला वळल्यासारखा बघतो ना तो? गाडी घसरली तेव्हा ही अशीच वळली होती माझ्याकडे."

अपघातापासून मुलगा त्यांच्याशी कामापुरतं बोलायचा. जेवलात का, गोळी घेतली का, बस. बेसमेंटमध्ये तर तो फिरकतही नसे.

एका दुपारी काकांनी मला बोलावून घेतलं. एका राजाला डोळे आले होते. त्या भुऱ्या भुवयांखाली काकूंचे डोळे! मी दचकलोच. रागावलेले नव्हते, घाबरलेलेही नव्हते. नुसते बघत होते.

"मी नाही काढले रे," काका पुटपुटले. "आलेच ते."

मागे जिन्यात मुलगा उभा होता. घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला उतरलेला, फिल्टर तसाच हातात. तो चित्राजवळ आला.

"बाबा, डाव्या डोळ्याखालचा तीळ राहिला."

"कुठे? दाखव बरं."

त्याने बोट ठेवलं. काकांनी ब्रश त्याच्याच हातात दिला. मी वर निघून आलो. खालून दोघांचे आवाज येत राहिले. शब्द कळले नाहीत, आणि मला ते ऐकायचेही नव्हते.

पुढे दोन वर्षांनी काका गेले. अंत्यदर्शनाला फ्यूनरल होममध्ये टेबलावर त्यांचा फोटो होता, आणि शेजारी तो राजा. दोघांनाही हार. दूरच्या फ्रिस्को गावाहून आलेल्या एक मावशी मला कोपराने ढोसून कुजबुजल्या, "हे गोरे गृहस्थ कोण रे?"

मुलाने ते ऐकलं. राजाच्या गळ्यातला हार सारखा करत तो म्हणाला, "आई."