आमच्या अंगणातलं चार्जिंग

रेल्वेतून रिटायर झाल्यावर ह्यांनी नानाखेड्याच्या आमच्या घरासमोरच्या अंगणात ई-रिक्शांसाठी चार्जिंग सुरू केलं. वेगळं मीटर घेतलं, वर पत्रा घातला. जन्मभर सिग्नलच्या तारा जोडलेला माणूस. पुन्हा हातात टेस्टर आला म्हणून खूश होता.

एक रिक्शा बाई चालवायची. राम घाटावर सवाऱ्या पोहोचवून दुपारी यायची, रिक्शा लावून माझ्याजवळ पायरीवर डबा खायची. तिच्या भाड्याच्या खोलीत रिक्शा चार्ज करायची सोय नव्हती.

मग महापालिकेची नोटीस आली. मी ह्यांच्याबरोबर ऑफिसात गेले. साहेबांनी नकाशा उघडला. आमची कॉलनी त्यात पिवळी होती.

"ये रहवासी क्षेत्र है, अंकल. अपनी गाड़ी चार्ज करो, कोई नहीं रोकेगा. दूसरों की करोगे तो धंधा हो गया. उसके लिए चौड़ी सड़क चाहिए. आपकी गली सँकरी है."

"पर रिक्शेवाले तो इन्हीं गलियों में रहते हैं," हे म्हणाले.

"समझता हूँ," साहेब म्हणाले. आवाजात उर्मटपणा नव्हता, त्यामुळे भांडताही येईना. आम्ही चार्जिंग बंद केलं.

पुढच्या वर्षी गल्ली रुंद करायचं निघालं. हे लगेच पुन्हा त्याच साहेबांकडे गेले. परत आले ते चप्पल न काढताच खुर्चीत बसले.

"रस्ता आता पुरेसा होतोय," म्हणाले. "पण आपलं अंगणच त्यात जातंय. गाडी उभी करायला जागा राहत नाही."

दुसऱ्या दिवशी ते शिडी लावून पत्रा उतरवायला लागले.

"राहू द्या ना, पाडायला येतील ते काढतील," मी म्हटलं.

"मी लावलाय, मीच काढतो."

मंजूर झालेलं चार्जिंग स्टेशन पार हायवेला होतं. तिथून शहरात येईपर्यंतच त्या बाईच्या जुन्या बॅटरीतलं बरंच चार्जिंग उतरायचं. तिने रिक्शा विकली. परवा ती मला एका लॉजच्या मागे चादरी वाळत घालताना दिसली.

"दूसरी नहीं ली?"

"अब कहाँ, काकी," म्हणाली, आणि पुढची चादर झटकली.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "बॅटरी बदलून बघितली होती का तिने?"

मला काय माहीत, मी म्हटलं, आणि पानं घेतली.