शेगड्यांचं वजन

पोपटराव शेलारांच्या घरी पहिल्यांदा येणाऱ्या माणसाच्या पायाला हमखास काहीतरी लागायचं. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा. कॉटखाली, टीव्हीच्या टेबलामागे, गॅलरीत, न्हाणीच्या दाराशी, जिथे म्हणून जमीन मोकळी होती तिथे शेगडे बसलेले. हल्ली सगळे व्हाइस म्हणतात, पण जुन्या फिटरच्या तोंडी शेगडाच. बेंचला बोल्टांनी आवळलेला, आणि लोखंडाचा तुकडा जबड्यात असा धरणारा की कानस मारा नाहीतर करवत चालवा, तुकडा जागचा हलायचा नाही.

पोपटरावांचा सगळा जन्म ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात अशाच शेगड्यापुढे उभं राहून गेला होता. पण जमवायचं वेड लागलं ते रिटायर झाल्यावर. कल्याणजवळच्या मोहने गावातल्या भंगारवाल्याकडे ते नळाचा एक जुना तुकडा शोधायला गेलेले. तिथे एक माणूस घणाने शेगडा फोडत होता. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवायला पाठवायचं तर आधी तुकडे करावे लागतात. एका घावात जबडा बाजूला पडला आणि आतलं करडं, दाणेदार लोखंड उन्हात साखरेसारखं चमकलं. दुसरा शेगडा रांगेत होता. पोपटराव नळ विसरले आणि तो दुसरा सिमेंटच्या गोणीत घालून घरी घेऊन आले.

"आणि हे कशाला?" बायकोने, मंजुळाबाईंनी विचारलं.

"फोडत होते गं."

एवढंच उत्तर त्यांना देता आलं. पुढे कल्याण, शहाड, भिवंडी, जिथे कारखाना मोडीत निघाल्याची बातमी लागेल तिथे ते जायला लागले. आणलेल्या शेगड्याची आधी ओळख पटवायची. रंगाचे थर एकेक करून खरवडायचे: वरचा हिरवा, खालचा राखाडी, त्याखाली कधीतरी लाल. मग ओतीव अक्षरं वर यायची. एखाद्यावर शेफील्ड या विलायती गावाचं नाव, एखाद्यावर नुसता इंचाचा आकडा. अक्षरं घासून गेलेली असली तर स्क्रूचे आटे बघायचे, दांड्याच्या टोकाची बोंडं बघायची, जबड्याच्या पाठीचा बाक बघायचा. मग गंज काढायला काकवीच्या पाण्यात बुडवून ठेवायचं. गॅलरीतल्या त्या पिंपाचा आंबूस वास मजलाभर फिरायचा. शेवटी रॉकेल पुसून वर खडूची भुकटी. बिडाला कुठे तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूतून काळी रेघ होऊन वर येतं. तडा निघाला की पोपटराव त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा नख फिरवत बसायचे.

मोहन्याहून एक भलामोठा शेगडा आला त्या दिवसापासून सगळं बदललं. दोन हमालांनी दर मजल्यावर टेकत टेकत तो वर चढवला. खाली गेटपाशी सलिल उभा होता. इमारत बांधणाऱ्या बिल्डरचा हा माणूस. भाडेकरू आणायचे, पाण्याचे टँकर बोलवायचे, मेंटेनन्स गोळा करायचा, सगळं हाच बघायचा.

"शेलारकाका, वर कारखाना टाकताय की काय?" तो हसत म्हणाला.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरची योगिनी दारात आली. नवरा विनीत आणि ती तिथे राहायची; तिथेच ती पाळणाघर चालवायची. आया ठाण्या-मुंबईला कामाला निघाल्या की सकाळीच पोरं तिच्याकडे सोडून जायच्या. आज तिच्या हातात ताट होतं. ताटातल्या खिचडीत सिमेंटचा मुठीएवढा पोपडा पडलेला.

"काका, हे वरून पडलं. आयुषच्या ताटात. तो हात धुवायला उठलेला म्हणून."

पोपटराव तिच्याबरोबर खाली गेले. छताला, नेमकं त्यांच्या मोठ्या शेगड्याच्या खाली, भिंतीपासून पंख्यापर्यंत तडा गेला होता. पोरं सतरंजीवर झोपलेली. मधूनच एखादं कूस बदलत होतं. डोक्यात त्यांनी घरातल्या सगळ्या लोखंडाची बेरीज केली.

संध्याकाळी सलिलने सगळ्यांना जिन्याखाली जमवलं. "लोकं घरात माणसं ठेवतात, काका भंगार ठेवतात," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. पोपटरावांनी सगळ्यांपुढे हात जोडले. "चूक माझी. आठवड्याभरात सगळं हलवतो."

ठाण्याला कोपरीत त्यांचा जुना सोबती थॉमस राहायचा. दोघं एकाच कारखान्यात होते. थॉमसच्या बापजाद्यांच्या घरामागे पत्र्याची मोठी शेड होती, रिकामीच. "आण रे," तो फोनवर म्हणाला, "इथे खाली जमीनच हाय, तिच्या बापाला पण काय होत नाय."

रविवारी टेम्पो आला. इमारतीतली तरणी मंडळी न सांगता मदतीला उतरली. कुणी शेगडा खांद्यावर घेतला, कुणी दोघांत. बायकांनी चहा केला. धोका घराबाहेर चाललाय, अशा आनंदात सगळे होते. शेवटी उरला तो मोहन्याचा मोठा. चौघांनी धरलेला तो खालच्या पायरीवर निसटला आणि त्याचं शेपूट जिन्याजवळच्या खांबावर आदळलं.

खांबाचा ताटाएवढा गिलावा खाली आला. आत सळ्या दिसल्या. सळ्या म्हणायच्या एवढंच, खारी बिस्किटाच्या पापुद्र्यासारखा गंज नुसता फुगून बसला होता. पोपटरावांनी बोट लावलं तर पापुद्रे हातात आले. त्यांनी खांबातली वाळू नखाने कोरून जिभेला लावली. खारट. खाडीची वाळू, न धुतलेली. आणि ती या खांबात कालपरवा आलेली नव्हती.

"चला काका, टेम्पोवाला थांबलाय," सलिल मागून म्हणाला. तो खांबाकडे बघत होता आणि बघत नसल्यासारखं दाखवत होता. पोपटराव कोपरीहून परत येईपर्यंत तिथे ओला गिलावा चढला होता. योगिनीच्या छताचा तडाही बुजवून वर पांढरा हात मारलेला.

इमारत निर्धास्त झाली. पोपटरावांना मात्र रिकाम्या घरात करमेना. तळहात उगाच कशावर तरी फिरत राहायचा. खांबाचा गिलावा वाळला तसं त्यांनी आरशाच्या काचेची एक अरुंद पट्टी कापली आणि खांबावर, मागच्या अंगाला, सिमेंटने दोन्ही टोकांना चिकटवली. खांब जरा जरी दबला तर काच तुटणार.

काच तुटली. त्यांनी दुसरी लावली. तीही तुटली, बरोबर मधोमध.

"पोरांनी फोडली असेल," सलिल म्हणाला.

"पोरांचा हात पोचत नाही तिथे. सलिल, माझं सगळं लोखंड गेलं ना? मग आता कशाने दबतोय खांब?"

सलिल हसायचा थांबला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, ही इमारत कागदावर नाहीये. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. पालिकेची माणसं आली तर खांब नाही दुरुस्त करणार, सगळ्यांना बाहेर काढतील. किती घरं आहेत बघा. आणि काढलं कुणामुळे, ते लोकांना कळायला वेळ लागत नाही."

पोपटराव दारोदार फिरले. लोक ऐकून घ्यायचे, चहा विचारायचे, आणि विषय टँकरवर न्यायचे. योगिनी तर चिडलीच.

"तुमचे शेगडे गेले म्हणून आमचं पण घर जावं असं वाटतंय का तुम्हाला?"

"अगं, पोरं आहेत तुझ्याकडे."

"पोरं आहेत म्हणूनच चूल पेटते माझी. विनीतची नोकरी गेल्यापासून दुसरं काय आहे?"

मंजुळाबाईंनी या सगळ्यात एक शब्द काढला नव्हता. शेगड्यांवरून त्या वर्षानुवर्षं नवऱ्याशी भांडल्या होत्या, घर रिकामं झालं तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती. एका सकाळी त्या न्हाणीच्या दाराशी उभ्या राहिल्या. दार लागत नव्हतं. वरचा कोपरा चौकटीत रुतला होता. खांद्याने रेटून पाहिलं, मग त्या मागे सरल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "काल लागत होतं हे."

त्या दिवशी पोपटरावांनी पालिकेत तक्रार दिली. खाली स्वतःचं नाव लिहिलं.

पालिकेची माणसं आली, त्यांनी खांब ठोकून पाहिला. नोटीस लागली. पाणी तोडलं, वीज तोडली. लोक गाद्या, गॅस, कपाटं घेऊन रस्त्यावर आले. ज्या पोरांनी शेगडे उतरवायला खांदा दिला होता, त्यांच्यातल्याच एकाने पोपटरावांच्या अंगावर थुंकलं. योगिनी सामानावर बसली होती. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मंजुळाबाईंनी पदराने त्यांचा सदरा पुसला आणि दोघं कोपरीला थॉमसच्या माडीवर राहायला गेले.

इमारत पडली नाही. पाऊस येऊन गेला, तरी पडली नाही. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याचं डोकं फिरलेलं. बिल्डरने कोर्टातून पाडकामाला स्थगिती आणली. एके दिवशी मंजुळाबाई दिव्याला जुन्या शेजारणीला भेटून आल्या आणि चप्पल काढायच्या आत म्हणाल्या, "माणसं परत राहायला आलीत तिथे. वीज कुठून तरी ओढलीय. योगिनीपण आलीय."

पोपटराव गेले. जिन्याजवळच्या खांबाला खालपासून वरपर्यंत चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या, मरून रंगाच्या. आता काच लावायला जागा नव्हती. पाहायलाही काही नव्हतं. त्यांनी टाइलवर बोटाच्या पेराने टिचकी मारली. आवाज बद्द आला, पण टाइलखाली पोकळ असलं की तसाच येतो. काही कळायला मार्ग नव्हता.

वर योगिनीच्या दाराआड पोरांचा गलका चालला होता. तिने दार उघडलं. बारीक झाली होती.

"दुसरीकडे डिपॉझिट कुठून भरू, काका?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

पोपटराव उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. त्यांची नजर छताकडे गेली. पांढऱ्या रंगावर केसाएवढी रेघ परत उमटली होती. बोलायचं ठरवून आले नव्हते, पण बोलून गेले.

"कोपरीला ये. ठाणा स्टेशनला लागूनच आहे. यांच्या आया ठाण्यालाच उतरतात ना? सकाळी पोरांना तिथवर आणायचं, जाताना न्यायचं. शेड आहे, जमिनीवर आहे. तुमच्या राहण्याचंही थॉमसशी बोलतो."

"शेडमध्ये तुमचे शेगडे आहेत."

"नसतील."

थॉमसने हे ऐकून दाढी खाजवली. "पोपट, पोरांचं ठीक हाय. पन ते सगलं जानार कुठे?"

दोन-तीन शौकीन माणसं पुण्याहून आली, चांगले ओळख पटलेले शेगडे घेऊन गेली. मोहन्याचा मोठा कुणालाच उचलून न्यायला परवडेना. बाकीचे भंगाराच्या टेम्पोत चढले. पोपटराव स्वतः एकेक उचलून देत होते. मंजुळाबाई म्हणाल्या, "तुम्ही आत बसा." ते बसले नाहीत. मोठा चढवताना मात्र त्यांनी भंगारवाल्याला विचारलं, "हा फोडणार का?"

"काका, बीड आहे. फोडल्याशिवाय भट्टीत जात नाही."

"बरं," पोपटराव म्हणाले आणि दांडा काढून त्याच्या हातात दिला, वाटेत लागू नये म्हणून.

शेड धुतली, चुना मारला. योगिनी आणि विनीत मागच्या खोलीत आले. पोरं मात्र थोडीच आली. चिमुरड्यांना घेऊन सकाळच्या गाडीत कोण चढणार? बाकीच्या आयांनी त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर दुसरी बाई शोधली. तिने गेटवर बोर्डही लावला, रंगीत, वर फुगे काढलेले. हे योगिनीनेच सांगितलं. पोपटरावांनी मान हलवली. त्यांनी परत तक्रार दिलेली होती. कोर्टात तारीख पडली होती, मग पुढची पडली होती.

अजूनही ते अधूनमधून दिव्याला जातात. मंजुळाबाई अडवत नाहीत, फक्त, "आत जाऊ नका," म्हणतात. ते समोरच्या वडापावच्या गाडीपाशी उभे राहतात आणि इमारतीची उभी कड शेजारच्या इमारतीच्या कडेशी ताडून पाहतात. एक डोळा मिटून, जसं फिटर पट्टी धरून बघतो तसं. कधी वाटतं मधली फट वरच्या बाजूला निमुळती झालीय, कधी वाटतं आपलीच नजर गेली.

परवा ते असेच उभे असताना सलिल एका जोडप्याला घेऊन आला. बाईच्या कडेवर तान्हं होतं. सलिलने पोपटरावांना पाहिलं, ओळख दाखवली नाही, आणि फोनवर बोलत जरा लांब गेला. पोपटराव रस्ता ओलांडून त्या माणसाजवळ गेले. त्यांनी खांबाचं सांगितलं, गंजाचं सांगितलं, खाऱ्या वाळूचं सांगितलं, नोटिशीचं सांगितलं. माणूस नीट ऐकत होता. चेहऱ्यावर ना राग, ना हसू. त्याने एकदा वर पाहिलं, एकदा टाइल्स लावलेल्या खांबाकडे पाहिलं.

"ते बरोबर असेल, काका," तो म्हणाला. "पण इथे पाणी किती वेळ येतं, ते माहितीये का तुम्हाला?"

तोवर सलिल परत आला आणि किल्ली खुळखुळवत जिन्याकडे वळला. माणसाने बायकोच्या कडेवरचं मूल आपल्याकडे घेतलं आणि दोघं त्याच्या मागून वर गेली.