कॅमेऱ्यासमोरचा हात

गंगाखेडच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागलेली असताना आबांनी माझ्या मुस्काटात मारली. हातातली पिशवी पडली, मायनं बांधून दिलेल्या दशम्या फलाटावर सांडल्या. आजूबाजूची माणसं दोन पावलं मागं सरकली, पण मध्ये कुणी पडलं नाही. बाप पोराला मारतोय, त्यात मध्ये पडण्यासारखं काय असतं? कारण साधं होतं. गावातली माझ्या वयाची सगळी पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे पळत होती आणि मी नर्सिंगला नंबर लावून बसलो होतो. आबा गवंडी, बोलायला लागले की चार भिंतींपलीकडं ऐकू जायचं. "वर्दी घालायची तर खाकी घाल," ते सगळ्या स्टँडला ऐकवत होते. "लोकाचं हगणं-मुतणं काढायला चाललास व्हय रे?" मायनं दशम्या उचलल्या, पदरानं झटकल्या आणि पिशवी खिडकीतून आत दिली. गाल परळीपर्यंत जळत होता.

हे मी तुमच्यासाठी लिहितोय, जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे इकडं आलात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला मार खाताना मोबाइलवर बघितलंय. 'रील काढणाऱ्या नर्सला चोप' असं खाली लिहिलेली ती क्लिप गावच्या ग्रुपवर फिरली, त्यावर हसणारे चेहरे कुणी कुणी टाकले तेही मला माहीत आहे. क्लिपच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं ते तुम्ही बघितलेलं नाही. म्हणून सांगतो.

मार मला नवा नव्हता. आमच्या घरात तोंडाआधी हात बोलायचा. शिकून पास झालो, चाकणच्या एका खासगी दवाखान्यात लागलो आणि थेरगावात डांगे चौकाजवळ खोली घेतली, तेव्हा मनात होतं की सुटलो, आता रोजचं मारणं-झोडणं बघायला नको. कसलं काय. आगीतून फुफाट्यात. इथं माणसाला यंत्र मारतं. पत्रा कापायच्या मशीनखाली आलेली बोटं, साखळीत ओढला गेलेला दंड, भट्टीच्या वाफेनं सोललेली पाठ. शिफ्ट सुटायच्या सुमारास कॅज्युअल्टीच्या दारात टेंपो कचकन थांबला की आम्ही हातमोजे चढवायला लागायचो. गावाकडं मारणारा निदान नंतर पश्चात्तापानं जेवायला बोलवायचा. यंत्र पुढचा पत्रा मागतं.

दोन वर्षांपूर्वी दवाखान्यानं आम्हाला टॅब दिले. पेशंटच्या उशाशी उभं राहून बीपी, ताप, औषधं जागेवरच टाकायची. आणि बोटं तुटून आली की पिंपरीतल्या हाताच्या सर्जन मॅडमना व्हिडिओवर जखम दाखवायची. चाकणहून पिंपरी म्हटलं तर जवळ, पण मोशी-भोसरीची गर्दी अशी की अँब्युलन्सच्या सायरनचा वाजून वाजून घसा बसतो. माणूस तिथं नेऊन मग जखम बघण्यात वेळ गेला तर बोटं मरतात. इथूनच दाखवलं तर मॅडम आधी ठरवतात, जोडता येतील की नाही, आणि आम्ही रस्त्यात असताना तिकडं ऑपरेशनची तयारी होते. मला तो टॅब फार आवडायचा. गंगाखेडच्या गवंड्याचं पोर एका हातात तुटलेला हात आणि दुसऱ्या हातात सर्जन घेऊन उभं राहतं, ही गोष्ट मला अभिमानाची वाटायची, अजून वाटते.

तर त्या दिवशी दुपारी टेंपोतून दत्ताला आणलं. बीडकडचा पोरगा, लग्न होऊन वर्ष झालेलं. पत्रा कापायच्या मशीननं उजव्या हाताची तीन बोटं उडवली होती. त्याला धरून चार-पाच जण, सगळे कंत्राटी कामगार, सगळ्यांचे शर्ट रक्तानं भिजलेले. त्यात एक त्याचा मेव्हणा, बाळू. बाळूच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कोल्ड्रिंकच्या दुकानातला बर्फ आणि त्या बर्फात दत्ताची बोटं. आमच्याकडं येणारे सगळे हीच चूक करतात. बोट थेट बर्फात टाकलं की मांस जळतं. मी बोटं काढली, सलाइननं धुतली, ओल्या जाळीच्या कापडात गुंडाळली, कोरड्या पिशवीत घातली आणि ती पिशवी बर्फाच्या ट्रेवर ठेवली. ड्युटी डॉक्टर पलीकडच्या बेडवर एका म्हाताऱ्याची छाती दाबत होते. तिथूनच ओरडले, "मॅडमना लाव." मी दत्ताचा हात वर धरला आणि टॅब सुरू केला.

मॅडम म्हणाल्या, "जवळ आण. हलवू नकोस. काप स्वच्छ दिसतोय. आता बोटं दाखव."

मी टॅब ट्रेकडं वळवला आणि त्याच क्षणी माझ्या नाकावर बाळूची मूठ बसली.

"शूटिंग काढतो व्हय भाडखाऊ? कंपनीला पाठवतो?"

पडता पडता मला ट्रे खाली जाताना दिसला. मग लाथा. एक पोटात, एक कानशिलावर. कुणीतरी सलाइनचा स्टँड उपटला आणि माझ्या पाठीत घातला. कांबळे सिस्टर, आमच्या वॉर्डच्या मुख्य, मध्ये आल्या तर त्यांनाही ढकललं, त्या कपाटावर आदळल्या. दारातल्या गर्दीतून कुणीतरी काढलेल्या तुमच्या त्या क्लिपमध्ये आहे तो एवढाच भाग.

त्यांना वेड लागलं नव्हतं. हे मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो. या पट्ट्यात अपघात झाला की काही ठिकाणी पाण्याआधी मोबाइल येतो. सुपरवायझर फोटो काढतो, हातमोजे नव्हते, मशीनची जाळी उघडी होती, माणसाचं लक्ष नव्हतं. पुढं तोच फोटो दाखवून सांगतात, चूक याचीच. सगळीकडं असं होतं असं नाही, पण ज्याच्या बाबतीत झालं तो विसरत नाही. बाळूच्या एका दोस्ताचा पंजा असाच गेला आणि बेशुद्ध असताना काढलेल्या व्हिडिओवर सगळं खापर त्याच्यावर फुटलं. तेव्हापासून जखमी माणसावर कुणी कॅमेरा धरला की बाळूला एकच अर्थ दिसायचा. मी त्याच्या जागी असतो तर मीही मूठच उगारली असती, आबांचंच रक्त.

पण खाली पडल्या पडल्या माझ्या डोक्यात यातलं काही नव्हतं. ट्रे उलटा झाला होता, बर्फ पसरला होता, आणि ती पिशवी सेफ्टी शूज घातलेल्या दहा पायांमध्ये होती. पुढं लोखंडाची वाटी असलेले ते बूट. एक पाय तिच्यावर पडला असता, तर दत्ताच्या हाताचा विषय कायमचा संपला असता. मी तोंडातलं रक्त थुंकलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, शिकलेली भाषा विसरून, आमच्या गावच्या भाषेत.

"आरं बोटं! तुमच्या पायाखाली बोटं हायेत त्याची!"

सगळे जागच्या जागी थांबले. स्टँड हातात घेतलेला माणूस तसाच, एक पाय उचललेला माणूस तसाच. कुणाला पाय टेकवायचं धाडस होईना. मग बाळू आधी गुडघ्यावर बसला, मागोमाग बाकीचे. मला बुकलणारी माणसं फरशीवर हात फिरवत रांगत होती आणि बेडवर दत्ता एकसारखा 'माय, माय' करत होता. पिशवी फाटली होती. दोन बोटं तिच्यातच होती, तिसरं ट्रॉलीच्या चाकाला टेकलेलं सापडलं. चाक जरा जरी सरकलं असतं, तर ते चिरडलं असतं.

तेवढ्यात बेडखालून आवाज आला, "कोणी आहे का तिथे? बोटं मिळाली का?" टॅबची काच तडकली होती, पण मॅडम अजून चालू होत्या. बाळूनं तो उचलला. त्यांनी विचारलं, "तू कोण?" तो म्हणाला, "मेव्हणा." मॅडम म्हणाल्या, "मग नीट धर. मला बघू दे, म्हणजे मी ती जोडू शकेन."

आता माझे दोन्ही हात मोकळे झाले. मी बोटं पुन्हा धुतली, माझ्या नाकातलं रक्त त्यांच्यावर पडू नये म्हणून मान वळवून. बाळू टॅब धरून उभा होता, पण मॅडमना चित्र हलताना दिसत होतं. मी त्याला आईवरून शिवी दिली आणि हात स्थिर ठेवायला सांगितलं. त्यानं ठेवला. मॅडमनी एक एक बोट बघितलं आणि म्हणाल्या, "निघा."

अँब्युलन्समध्ये मीच बसलो, नाकात बोळा कोंबून. कासारवाडीच्या अलीकडं गाड्यांच्या रांगेत अडकलो, तेव्हा बाळू उतरून पुढं धावला आणि गाड्यांच्या बॉनेटवर मुठी आपटत रस्ता मोकळा करत गेला. एका कारवाल्यानं दार उघडून शिवी घातली, त्याला त्यानं दारासकट आत लोटलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीनपैकी दोन बोटं जगली. अंगठ्याशेजारचं काळं पडलं, काढावं लागलं.

पोलिसांनी माझी तक्रार लिहून घेतली. खोलीवरही चौकशी झाली. घरमालक जुने थेरगावचे, त्यांनी परस्पर सांगून टाकलं, "पोरगं गरीब हाय, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई." त्या दिवसापासून कांबळे सिस्टरनी नियम केला, टॅब आधी नातेवाइकांना दाखवायचा, समोर कोण आहे ते सांगायचं, मग पेशंटकडं वळवायचा. दत्ता दवाखान्यातून सुटून म्हाळुंग्याच्या खोलीवर गेला, तेव्हा मॅडमनी त्याच्या बोटांची देखरेख माझ्याकडं दिली. तो रोज व्हिडिओ लावायचा. नखावर दाबलं की पांढरं होतं का, सोडल्यावर गुलाबी येतं का, सूज कुठवर आहे, हे मी बघून मॅडमना कळवायचं. सुट्टीच्या दिवशीही टॅब माझ्या खोलीवर असायचा.

क्लिप फिरत फिरत गावात पोचली आणि एका रविवारी सकाळी आबा दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आले होते. त्यांनी माझं नाक बघितलं. बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. "पिशवी भर," म्हणाले. "मार खायचाच आसंल तर घरी खा. म्या मारलं तर बाप हाय. ही माणसं कोण?"

मी भरायला लागलो. हो, लागलो. नाकाचं हाड अजून ठणकत होतं आणि मला इथल्या प्रत्येक माणसाचा राग आला होता. अर्धी पिशवी भरली असेल, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जामिनावर सुटलेला बाळू पोलीस चौकीत हजेरी लावून पहिल्यांदाच माझ्याकडं माफी मागायला आला होता. त्यानं तोंड उघडायच्या आत आबांनी ओळखलं. क्लिप त्यांनी किती वेळा बघितली असेल कुणास ठाऊक. गवंड्याचा हात तो. पहिल्या दणक्यातच बाळू चौकटीवर आपटला. दुसरी थप्पड, तिसरी. ओठ फुटला. बाळू आबांपेक्षा दुप्पट होता, पण त्यानं हात उचलला नाही. आबांनी त्याची गचांडी धरली आणि मला म्हणाले, "तू बी मार." मी मूठ आवळली. मला मारायचंच होतं.

टॅब वाजला. दत्ताची रोजची वेळ.

मी उचलला. बायकोनं मोबाइल धरला होता, दत्तानं हात समोर आणला. शिवणीचे वण लालसर होते, सूज उतरली होती. नखं दाबायला सांगितली, रंग चांगला परत आला. मग म्हणालो, "आता मधलं बोट वाकवून बघ. जोर लावू नको." त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, घाम फुटला, आणि ते बोट इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःहून वाकलं, अगदी थोडं. दत्ता रडायला लागला. बायको रडायला लागली आणि तिचा मोबाइल हलायला लागला, म्हणून मी तिच्यावर ओरडलो. मागं बघतो तर आबा आणि बाळू दोघंही माझ्या खांद्यावरून आत बघत होते. आबांच्या मुठीत बाळूची कॉलर तशीच होती, धरलीय हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"त्ये बोट तुटलं होतं?" आबांनी विचारलं.

"ट्रॉलीखाली पडलं होतं," बाळू म्हणाला.

आबांनी कॉलर सोडली. "आन रोज ह्योच बघतो?" त्यांनी माझ्याकडं बोट दाखवून बाळूला विचारलं.

"रोज," मी म्हणालो. "अजून चार-सहा महिने तरी."

तक्रार मी मागं घेतली नाही. बाळूला तोंडावर सांगितलं, नाक माझं आहे, ते मी माफ करीन, पण कांबळे सिस्टर कपाटावर आदळल्या ते माफ करायचा हक्क मला नाही. तो म्हणाला, "नका घेऊ भाऊ मागं. फुडच्याला कळंल." त्याचा ओठ मीच साफ केला.

आबा जेवले आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. निघताना माझी अर्धी भरलेली पिशवी त्यांनी पायानं कोपऱ्यात सरकवली. गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "त्याला दूध प्यायला सांग."

पुढचं मला मायनं फोनवर सांगितलं. आबा एकटेच आलेले बघून तिनं दारातच विचारलं, पोराला आणायला गेला होता ना, मग पोरगं कुठाय? आबांनी पायतान काढलं, पाय धुतले, आणि म्हणाले, "त्याच्या घरी हाय."