उलटगुणे सरांची गोळी

मुख्याध्यापिकांनी स्पष्टच बजावलं, "सर, सोमवारी तुमच्या तासाच्या पाहणीला शिक्षण खात्याच्या बाई येतायत. पुन्हा उत्तर सांगून मोकळे झालात, तर सातवीचं गणित दुसऱ्या कुणाला तरी देईन."

सातवी म्हणजे सरांचा जीव की प्राण. अपूर्णांकांचा भागाकार आला की "दुसरा उलटा करा आणि गुणा!" ही त्यांची आरोळी पार व्हरांड्यापर्यंत जायची. पोरांनी त्यांचं नाव उलटगुणे पाडलं, ते त्यावरूनच. आणि आता नवं पुस्तक म्हणतं, नियम सांगू नका. कागदाच्या पट्ट्या द्या, मुलांना शोधू द्या. शेजाऱ्याचं शब्दकोडंसुद्धा ज्यांना स्वस्थ बसू देत नाही, त्यांनी गप्प बसायचं!

सरांनी घरी सराव सुरू केला.

"अहो, गॅस बंद केलात का?" बायकोनं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

दूध उतू गेलं. शेवटी तिनंच तोडगा काढला. "वर्गात खोकल्याची गोळी चघळा. गोळी आहे तोवर तोंड बंद."

सोमवारी बाई मागच्या बाकावर बसल्या. सरांनी फळ्यावर ३ ÷ ½ लिहिलं, कागदाच्या पट्ट्या वाटल्या आणि गोळी तोंडात टाकली.

पहिल्या बाकावरची चष्मेवाली उठली. "सर, दादा म्हणतो, उलटं करून गुणलं की सहा येतं. पण भागल्यावर उत्तर वाढलं कसं? आणि उलटं का करायचं?"

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, सांगायला काहीच नाही. त्यांच्या सरांनीही त्यांना नुसतं तसं करायला लावलं होतं. मागे बाई मात्र त्यांच्या गप्प राहण्याकडे कौतुकानं बघत होत्या.

पोरांनी पट्ट्या टराटरा फाडल्या. चष्मेवाली ओरडली, "एका पट्टीत दोन अर्धे! मग तीन पट्ट्यांत तीन दुणे सहा. अय्या, हा तर गुणाकारच झाला!"

"अगं, म्हणून उलटं करायचं होय!" सर इतक्या जोरात ओरडले की गोळी टेबलावर जाऊन पडली. वर्ग खो खो हसला.

तास संपल्यावर बाई म्हणाल्या, "आश्चर्याचा अभिनय छान जमला हं."

नुसतं हो म्हटलं असतं तरी सातवी वाचली असती. पण सरांना राहवलं नाही.

"अभिनय नव्हता हो. इतकी वर्षं शिकवतोय, आज कळलं."

बाई हसल्या. "मग सातवी तुमच्याकडेच राहू दे, मी सांगते मुख्याध्यापिकांना. अजून बरंच कळायचंय तुम्हाला."

घरी चपलाही न काढता सरांनी बायकोसमोर तीन पट्ट्या मांडल्या. "हे बघ, गंमत अशी आहे की..."

"थांबा," ती म्हणाली. "सांगू नका. मला शोधू द्या."