पेंडसे सरांची पोच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी एकच विचारते... लॉग आहे का? सगळी नोकरी आयटीत गेली. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, हा माझा खाक्या. तरीही हे लिहितेय. हसायचं तर हसा.

मोबाइलवर मेल यायच्या आधीचा काळ. येरवड्याला, नगर रोडलगत आमचं ऑफिस. मी वर्ध्याहून आलेली नवखी. मेल सर्व्हर सांभाळायला मला शिकवलं ते पेंडसे सरांनी. त्यांचं एकच पालुपद – "मेल थांबता कामा नये." डिस्क भरत आली की जुने मेल बॅकअपच्या टेपवर हलवायचे आणि सर्व्हर मोकळा ठेवायचा. कोणी जड फोटो पाठवले की सर त्याच्या टेबलाशी जाऊन शांतपणे विचारायचे, घरी अल्बम नाही का आपल्या?

त्यांची बायको – आम्हा सगळ्यांच्या वहिनी – वरच्या मजल्यावर अकाउंट्समध्ये. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या सरांना मेल करायच्या, 'डबा खाल्लात का?' वर, मेल वाचल्याची पोच मागायच्या. पोच पाठवू का, असं स्क्रीनवर आलं की सर 'नाही' दाबायचे. उगाच सर्व्हरवर लोड, म्हणायचे. वहिनी चिडायच्या, पण पोच मागणं काही सोडलं नाही.

मग सर अचानक गेले, हार्ट अटॅकने. वहिनी काही दिवसांनी कामावर आल्या आणि तो जेवणाच्या सुट्टीतला मेलही पुन्हा सुरू झाला. गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स बंद करायचा, हा सरांचाच नियम. पण माझा हात धजेना.

शेवटी डिस्क भरली. बाहेरून येणारे मेल अडकू लागले. सगळ्यात मोठा मेलबॉक्स कोणाचा, तर सरांचा! जगाला मेल काढायला लावणाऱ्या माणसाने बायकोचा एकही मेल काढला नव्हता. मला रडूच आलं. हा मेलबॉक्स बंद केला की वहिनींचा मेल 'असा पत्ता नाही' म्हणून परत येणार. ते त्यांनी एकटीने वाचू नये, म्हणून वर जाऊन सांगितलं.

वहिनींनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "काढ. मेल थांबलेला त्यांना चालायचा नाही."

मी मेलबॉक्स टेपवर घेतला, सर्व्हरवरून काढला, टेप कपाटात कुलपात ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम वहिनींजवळ जाऊन बसले. सवय आहे गं, म्हणत त्यांनी मेल पाठवलाच. मी त्यांचा हात धरला.

मेल परत आला नाही... पोच आली. सरांच्या नावाने. आपला मेल वाचला, एवढंच. इतक्या वर्षांतली पहिली.

मी खाली धावले, लॉग चाळला. मेल गेल्याची नोंद नाही, पोच आल्याची नाही. टेप कपाटातच होती. पुढे मोठमोठ्या जाणकारांना विचारलं. आजही कोणाकडे उत्तर नाही, माझ्याकडे तर नाहीच.

त्या दुपारी मात्र वर जाऊन वहिनींना सांगितलं, सर्व्हरवर कसलीच नोंद नाही हो.

त्यांनी डोळे पुसले आणि डबा उघडला.

"लोड न टाकता पाठवली असेल," म्हणाल्या. "बस, जेवून घे."