सरूबाईनं सोडलेला खांदा

धरणाचं पाणी चढलं की आंबेटेक ही वस्ती बेट होते. आंबेटेक, साळगाव आणि देवखेल या तीन गावांत मिळून सरकारनं एकच होडी दिलेली. ती राहायची साळगावात, सरपंच बाजीरावाच्या कुलपात. आणि बाजीरावाचं आंबेटेकाशी वाकडं. का, तर जत्रेत देवीच्या पालखीला पहिला खांदा आंबेटेकाचा!

भर श्रावणात सरूबाईच्या नवऱ्याला, नथूला, नाग डसला. तिनं फोन लावला. बाजीराव म्हणाला, “आधी खांदा सोडा, मग साखळी सोडतो.” होडी आली तोवर नथू गेला होता.

पुढं काय? होडीला कुलूप घालू नये असा नियमच नाही, म्हणून गुन्हाही नाही. मी सरूबाईचा भाचा, माझं डोकं फिरलं. “मावशी, भर चौकात जोडा हाणतो त्याला.”

“हाण की. लोकं त्याला हळद-दूध देतील आन तुला जेल. मला त्याचं नाक पायजे, गाल न्हाई.”

होडी तिन्ही गावांची, म्हणजे नियमाला निदान दोन गावं हवीत. देवखेल बाजीरावाला टरकून. सरूबाई थेट तिथल्या सरपंचाकडं, दत्तोबाकडं गेली. “आबा, आमचा खांदा तुमी घ्या. ठरावाला हात वर करा.”

आंबेटेकात बोंब उठली. दीर अंगावर आला, “बापजाद्यांचा मान इकलास?”

“त्या मानापायी नथूला खांदा द्यावा लागला. आता अजून कुनाला द्यायचाय?”

ग्रामसभेत पहिला हात दीरानंच वर केला. आंबेटेक आणि देवखेल, दोन्ही ग्रामसभांत एकच ठराव झाला: पावसाळाभर होडी आंबेटेकाच्या काठाला, कुलूप घालील त्याच्यावर गुन्हा. मी वडगावला तहसील कचेरीत खेटे घालून तो तालुक्याच्या आपत्ती आराखड्यात बसवला. आदेश निघाला, तिन्ही गावांना लागू.

चैत्रात जत्रेला पहिला खांदा देवखेलच्या पोरांनी दिला. बाजीराव गर्दीत मागं उभा.

मृगाला होडी ताब्यात घ्यायची होती. सरूबाई अडून बसली, साखळी बाजीरावानंच काढायची, तिन्ही गावांदेखत. कुलूप गंजलेलं. दगडानं ठोकताना त्याचं बोट सोललं.

“झालं का समाधान, सरूबाई?”

“न्हाई,” ती होडीत जाऊन बसली. “वल्हं घे. पलीकडं सोड मला.”

काठावर कुणी हसलं नाही, कुणी हललंही नाही. बाजीरावानं वल्हं उचललं.