दादाची अकरा गाणी आणि चार सॉफ्टवेअर

चष्म्याच्या दुकानामागच्या छोट्या खोलीत ती सत्तावीस वर्षं डोळे तपासत होती. पुढ्यात भिंगं बदलत राहायची आणि विचारायची, "आत्ताचं बरं की आधीचं?" गिऱ्हाईक घाईघाईने दोन्ही सारखीच म्हणालं, तर त्याला पुन्हा पहिल्यापासून बसवायची. गल्लीत तिला सगळे चष्मेवाली आत्या म्हणत.

तिचा थोरला भाऊ बस चालवायचा. सिग्नलला थांबलं की त्याला गाणी सुचत. निवृत्त होईपर्यंत अकरा गाणी झाली. एक मागच्या दारातून चढणाऱ्यांवर होतं, एक दर सोमवारी छत्री विसरणाऱ्या बाईंवर. एकही कागदावर उतरवलेलं नव्हतं. मग त्याचा वरचा सूर फाटायला लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्वरयंत्रावर गाठ आहे, साधीच आहे, पण काढावी लागेल, आणि नंतर आवाज कसा राहील याची खात्री देता येत नाही. ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर थोडं थोडं गायला हरकत नव्हती.

आत्याने लगेच माइक आणला. दादाची मुलगी जाहिरातींच्या स्टुडिओत कामाला होती, तिला फोन करून रेकॉर्डिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ म्हणून विचारलं. भाची म्हणाली, कुठलंही घे. हे उत्तर आत्याला अजिबात पटलं नाही. तिने चार सॉफ्टवेअर उतरवून घेतली, चारही काही दिवस फुकट वापरता येणारी.

पहिलं उघडलं की पडद्यावर इतकी बटणं दिसायची की विमान चालवतोय असं वाटावं. दुसऱ्याला ठेक्याचं वेड; दादा जरा रेंगाळला की ते त्याचा शब्द ओढून चौकटीत बसवायचं. तिसरं साधं होतं, पण दिसायला अगदीच गबाळं. चौथं देखणं होतं आणि दर दहा मिनिटांनी विकत घेण्याची आठवण करून देत होतं. आत्या नंबर लिहायच्या कार्डांवर नोंदी करू लागली. दादा रोज पाच वाजता येऊन तपासणीच्या खुर्चीत बसे, त्याच दोन ओळी चार वेळा गाई, कोमट पाणी पिई आणि घरी जाई. वहिनी म्हणे की आता त्या दोन ओळी भांडी घासतानाही डोक्यातून जात नाहीत.

असे पंधरा दिवस गेले. सोळाव्या दिवशी दादा खुर्चीत बसला, पण गायला नाही.

"तू मला गाऊ देणार आहेस," त्याने विचारलं, "की माझाही नंबर काढणार आहेस?"

आत्या चिडली. हातातलं कार्ड खाली ठेवून म्हणाली, "हे ठरलं की रेकॉर्डिंग होणार. रेकॉर्डिंग झालं की तू दवाखान्यात जाणार."

दादा पाणी प्यायला. "मी तर जाणारच आहे गं. गाऊन जाऊ की न गाता, तेवढं सांग."

त्या वेळी तिसरं सॉफ्टवेअर उघडं होतं. त्यातच सुरुवात झाली. कानात ताल मोजणारी टिकटिक लावली, तर त्याने हेडफोन काढून ठेवले. एकतीस वर्षं वेळापत्रकाने बस हाकली, आता गाण्यात तरी मला वेळेवर पोचायचं नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. टिकटिक बंद झाली. खोलीला जाड पडदे होते, खाली गालिचा होता, त्यामुळे घुमत काही नव्हतं. चार दिवसांत अकराही गाणी झाली. आत्याने मागे माउथ ऑर्गन वाजवला.

ऑपरेशन ठीक झालं. दहा दिवस बोलायला बंदी होती, म्हणून दादाच्या हातात पाटी आली. तेवढ्यात आत्याने एकच गाणं चारही सॉफ्टवेअरमधून, दुसऱ्याची ठेक्याची ओढाताण बंद करून, तंतोतंत सारख्या आवाजाच्या पातळीवर तयार केलं आणि कुठलं कुठून आलं ते न सांगता घरच्यांना ऐकवलं. वहिनीला चौथं गोड वाटलं. दादाने पाटीवर लिहिलं, "दुसरं. पहिल्यात जीव नाही."

भाची हसायला लागली. तिने त्यातल्या एकाची ध्वनिलहर उलटी केली, म्हणजे चढाच्या जागी उतार, आणि ते दुसऱ्याबरोबर एकदम वाजवलं. काहीच ऐकू येईना. दोन्हींत तसूभर जरी फरक असता, तर तेवढा मागे उरला असता, असं तिने समजावलं. उरलेल्या दोन्हींचंही तेच झालं. दादाने पाटी पुसली आणि छताकडे बघत बसला. आत्याने मात्र हे सगळं तिला तीनदा करायला लावलं. मग तिसरंच विकत घेतलं, कारण त्यातलं चूक मागे घ्यायचं बटण तिला चष्मा न लावता सापडत होतं.

दादाचा आवाज परत आला तो दोन सूर खाली उतरून. बोलायला लागल्यावर त्याने पहिली तक्रार केली ती चौथ्या गाण्याची. त्यात आपण बेसूर झालोय, पुन्हा गायचंय. आत्याने जुनं पुसायला साफ नकार दिला, पण शेजारी नवा ट्रॅक उघडून दिला. सहा वेळा तो मध्येच थांबला. सातव्यांदा शेवटपर्यंत गायला, खर्जात, सावकाश. संपल्यावर दोघं बाहेर आले, तर बाकावर एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची तुटकी दांडी हातात धरून कधीचे बसले होते. दार वाजवलं असतं तर मध्ये आवाज आला असता, म्हणाले.